शिंपडल्या पाण्याचा बाप

खगेश्वर बर्मनला गावात कुणी वाईट म्हणत नसे, आणि तेच त्याला आतून खात असे.

त्या सकाळी गावातलाच निरेन ओट्यावर येऊन बसला. "खगेनदा, पोराचं लग्न ठरलं. पाणी तूच शिंपडायचंस."

"मुलगी कुणाची?"

"भादरीची फुलती."

खगेश्वरच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

मांडवात आंब्याच्या डहाळीनं नवरानवरीवर पाणी शिंपडणारा माणूस त्या दिवसापासून नवरीचा बाप होतो. सासरच्या गावात तिचं हक्काचं माहेर. भादरीच्या लग्नात हे पाणी खगेश्वरनंच शिंपडलं होतं. ती पलिया जमातीची, सासर देशी जमातीचं; देशी स्वतःला वरचे समजत. पलियांच्या पोरीचा बाप व्हायला एकही देशी पुढं येईना, तेव्हा हा छाती काढून उठला. वाहवा झाली. वाहवा फुकटात मिळाली, असं त्या शहाण्याला वाटलं होतं.

फुलती रांगायला लागली आणि भादरीच्या नवऱ्यानं दुसरी आणली. सासूनं भादरीला अंगणाबाहेर काढलं. लेक कडेवर घेऊन ती सरळ खगेश्वरच्या दारात आली. "बाबा," एवढंच म्हणाली.

आणि हा बाप म्हणाला, "घरभर तंबाखू वाळत टांगलाय गं. जागा कुठंय?"

तंबाखू होता, खोटं नाही. पण खरी भीती तिच्या सासऱ्याची होती. त्याच्याशी बांधाला बांध होता. तेव्हापासून भादरी हाटामागच्या झोपडीत मुरमुरे भाजून पोट भरत होती, आणि खगेश्वर हाटाला लांबच्या वाटेनं जात होता. दरवर्षी तंबाखू टांगायची वेळ आली की त्याला घास गोड लागत नसे.

आज मात्र तो जवळच्या वाटेनं गेला. भादरी कढईतली तापली वाळू परतत होती.

"निरेन म्हणतो, पाणी मी शिंपडावं. तू नको म्हणालीस तर नाही शिंपडणार."

तिनं वर पाहिलं नाही. "तंबाखू कसाय औंदा?"

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो मी, भादरी. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला."

"मेलात तर पाणी कोण शिंपडेल?" ती म्हणाली. "आधी खोली मोकळी करा. मग माझ्या लेकीचे बाप व्हा."

घरी येऊन तो तंबाखूची पानं उतरवून अंगणात टाकायला लागला, तशी बायको सोनेश्वरी धावत आली. "अहो, बाहेर दव पडतंय! पानं काळी पडतील की!"

"पडू देत."

"हे तेव्हा सुचलं असतं तर?" ती म्हणाली आणि अंगणातल्या पानांची चवड उचलायला वाकली. तो पुढची पानं उतरवायला आत गेला.

लग्न झालं. पाणी शिंपडताना त्यानं डहाळी इतक्या जोरात झटकली, की अर्धं पाणी निरेनच्याच अंगावर उडालं. फुलती पाया पडली, "बाबा" म्हणाली. त्याला तिच्याकडे बघवेना.

वरात निरेनच्या घरी पोचली आणि संध्याकाळी खगेश्वरच्या दारात भादरी उभी राहिली. काखेत गाठोडं, डोक्यावर मुरमुऱ्यांची कढई.

"फुलतीची खोली ती हीच का?"

"हीच. तिच्यावर वेळ न येवो, पण आली तर..."

"तिची वेळ येईल तेव्हा येईल," भादरी म्हणाली. "थोरली लेक आधी."

खगेश्वर दारातून बाजूला झाला. ती आत गेली, कढई कोपऱ्यात टेकवली आणि इकडं तिकडं हुंगत म्हणाली, "तंबाखूचा वास येतोय अजून."

"येणारच," खगेश्वर म्हणाला. "माझ्या जन्मात तो जायचा नाही."