हात वर

"हात ऊपर." कोकिलाबेनचं हे रोजचंच. सुटी झाली की गेटवर आम्हा बायकांची रांग आणि एकेकीची झडती. सुरतेत उधन्याच्या एका कारखान्यात आम्ही साड्यांवर खडे चिकटवतो. बायका खड्यांची पाकिटं ब्लाउजात घालून नेतात, असं शेठचं म्हणणं. म्हणून कोकिलाबेनचा हात आधी छातीवरच.

त्या दिवशी तो हात डावीकडे थांबला. तिने दाबून पाहिलं.

"आ शुं छे? बहार काढ!"

काय काढू? सुपरवायझर आला. "खोल के दिखा." मागे चाळीस बायका. तो पाठमोरासुद्धा झाला नाही. मी हुक काढले. काढले, हे आजही सलतं. कोकिलाबेनने बोटांनी चाचपलं आणि हात झटकन मागे घेतला. "पाकिट नथी. गांठ छे."

"तो पहले बोलने का ना," तो म्हणाला. हसला.

मला ती गाठ माहीत होती. चार महिने आंघोळ करताना हाताला लागायची. शेजारी आमच्याच खानदेशातली वहिनी राहते, तिला सांगितलंही होतं. "दुखस का? नही ना? मंग ऱ्हाऊ दे." दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी माझीही समजूत. शिवाय त्या जागेचं नाव काढायचं कुणापुढे? नवऱ्यापुढेही लाज. आणि तीच लाज चाळीस जणींसमोर उघडी पडली. परक्या बाईचा हात जिथे रोज फिरत होता, तिथे मी स्वतः धड हात लावून कधी पाहिलं नव्हतं. डोकं सणकलं. राग सुपरवायझरचा आला, कोकिलाबेनचा आला, सगळ्यात जास्त माझाच आला.

दुसऱ्या दिवशी खाडा करून सरकारी दवाखाना गाठला. तपासलं, फोटो काढला, सुई घातली. कॅन्सर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ अजून लहान आहे, वेळेत आलीस; दुखत नाही म्हणून बायका थांबतात आणि तिथेच घात होतो. ऑपरेशन झालं. औषधांनी केस गेले, आता पुन्हा येताहेत.

कामावर परतले. पहिल्याच दिवशी सुटताना सुपरवायझर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देखा? हमारी चेकिंग ने बचाया तुझे. थँक्यू बोल."

कोकिलाबेन खाली बघत होती. "हात ऊपर," हळूच म्हणाली.

मी हात खालीच ठेवले. मराठीतच बोलले, त्याला कळो न कळो. "तुम्ही चोर शोधत होता. आजार नाही."

आणि गेटातून बाहेर पडले. तेव्हापासून रोज तशीच निघते. आज कामावरून काढतील की उद्या, जिवाला स्वस्थता नाही.

जेवणाच्या सुटीत मी बायकांना दाखवते, घरी स्वतःला कसं तपासायचं ते. महिन्यातून एकदा, मोरीचं दार लावून. एक हात डोक्यामागे, दुसऱ्या हाताची तीन बोटं सपाट, गोल गोल, थेट काखेपर्यंत. गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर दुखो न दुखो, दवाखाना. काल कोकिलाबेनही येऊन बसली. तिलाही दाखवलं. माफ मात्र केलेलं नाही.

माझा हात वर होईल तो मोरीत, माझ्यासाठी. गेटवर होणार नाही. काढायचं तर काढा.