राजूरच्या डेअरीतले संगणक झोपवायला गेलो तेव्हा

राजूरच्या दूध डेअरीला मोठी बॅटरी घ्यायची होती. दुपारी वीज गेली की संध्याकाळचं दूध संकलन संपायच्या आत इन्व्हर्टर मान टाकायचा. कोणती बॅटरी घ्यावी, असं विचारायला फोन आला. मी म्हटलं, आधी तुमचे संगणक दिवसभर काय करतात ते बघू. ऑफिसातल्या संगणकांची वीज सॉफ्टवेअरने वाचवणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे लगेच निघालो.

नगरहून सकाळची एसटी घ्या आणि डावीकडे बसा, ऊन लागत नाही. कोल्हारला भजी गरम मिळाली. संगमनेरला गाडी बदलून अकोले, तिथून पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. भाडं आधी विचारून ठेवा. अकोल्यापुढे भाताची कापणी चालली होती आणि रस्ताभर ओल्या पेंढ्याचा वास होता.

डेअरीत समोर माणूस असो-नसो, सगळे संगणक सुरू. त्यात व्हायरस तपासणी नेमकी दुपारी, म्हणजे वीज नसतानाच, चालायची. ती मी सकाळवर ढकलली. रिकामा संगणक झोपवायचं, म्हणजे स्लीप मोडवर टाकायचं म्हटल्यावर मात्र सचिव मंगलताईंनी हात आडवा घातला.

"मागं एकानं असंच झोपवलं हुतं. उठलं तवा नोंदी गायब. लोकांना तोंड मला द्यावं लागलं."

भीती खरी होती. मग असं ठरलं, की नोंद जतन झाल्याशिवाय कुठलाच संगणक झोपणार नाही, आणि वजनकाट्याचा तर कधीच नाही. त्याचा फक्त पडदा मंद होईल. जेवायला ताईंनी घरी नेलं. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, दोनदा वाढून घेतलं.

परतलो तर वीज गेलेली आणि संगणक झोपलेले. हिशेबाचा एक काही केल्या उठेना. ताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. तो बंद करून पुन्हा सुरू केला. नोंदी जागेवर होत्या. पडद्याचं सॉफ्टवेअर जुनं होतं, ते बदललं आणि त्यांच्यासमोर पुन्हापुन्हा झोपवून उठवून दाखवलं.

संध्याकाळी कॅन घेऊन रांग लागली. वीज आलीच नाही. रांगेत शेवटी डोंगरातल्या पाड्यावरची एक बाई होती. इन्व्हर्टर बंद पडला की तिची शेवटची जीप चुकते आणि राजुरात बहिणीकडे राहावं लागतं, असं ताईंनी हळूच सांगितलं. इन्व्हर्टर चालू असतानाच तिचं दूध मोजलं गेलं, पावती निघाली, ती पदराला बांधून बाई झपाझप निघाली आणि समोरच्या शेवटच्या जीपमध्ये चढली.

"बॅटरीचं ऱ्हाऊ द्या आता," ताई म्हणाल्या.

परतताना राजूरचे पेढे आठवणीने घेतले, तुम्हीही घ्या. बायकोला मात्र भंडारदऱ्याचे फोटो हवे होते. धरण बघायचं राहूनच गेलं होतं. तिच्यापुढे पेढे ठेवले आणि ती बाई जीपमध्ये कशी चढली तेच सांगत बसलो.