शेवटची दोन रिळं

“पेटी! अरे, पेटी कुठं मेली?”

मॅनेजर टाकीजच्या फाटकात उभे राहून ओरडत होते. आत पडदा पांढरा पडलेला आणि आठशे माणसं शिट्ट्या मारत होती. त्या शिट्ट्यांनी आमच्या छताचे पत्रे दोन बोटं वर उचलले गेले, ते पुढं कधी खाली बसलेच नाहीत. खोटं वाटत असेल तर पावसाळ्यात बाल्कनीत बसून बघायचं होतं.

तेवढ्यात सायकल आली. कॅरिअरला रिळांची पत्र्याची पेटी आणि सीटवर घामानं निथळणारे आबा.

“घर जळतंय का तुमचं वाटेत?”

“नही साहेब. पिच्चर रंगी गया व्हता.”

गोष्ट ऐंशीनंतरची, धुळ्यातली. टाकीज दोन, पिक्चर एक आणि त्याची प्रिंटही एकच. गावातल्या टाकीजला खेळ सहाला लागे, पांझरा नदीपलीकडं आमच्याकडं सातला. तिकडं दोन रिळं संपली की आबा ती पेटीत घालून, पूल ओलांडून आमच्याकडं आणत. शेवटची दोन रिळं पोचवली, की आमच्याकडची पहिली पेटी उचलून लगेच परत, कारण तिकडं पुढचा खेळ. तिकडं शेवट चालू असे तेव्हा आबा आधीची पेटी घेऊन आमच्या वाटेवर. मी तिकीट खिडकीवर बसून हे रोज पाही. म्हणजे बघा, हजारभर पिक्चर या माणसानं पाठीमागं वाहिले आणि एकाचाही शेवट पाहिला नाही!

आणि तरी धुळ्यात त्यांच्या मताशिवाय तिकीट खपत नसे. चहाच्या गाडीजवळ, एक पाय पायडलवर ठेवून ते निकाल देत. “हिरो चांगला शे, पन रडताना शिंक उनी सारखा दिखस.” “व्हिलनना आवाज मोठा, पन पोट रिकामं शे.” कुणी शेवट विचारलाच तर तोही सांगत, बेधडक, डोळ्यांत पाणी आणून. त्यांच्या शेवटात कुणी मरत नसे. आंधळी आई बघू लागे, फाशीचा दोर तुटे.

एकदा एक दाळवाला चिडून माझ्या खिडकीशी आला. आबा शेजारीच उभे होते.

“ओ आबा, ती पोरगी तर मेली ना!”

“तुमना टाकीजमा मरनी व्हई,” आबा म्हणाले. “आमना घर जित्ती शे.”

आम्ही पोट धरून हसलो. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं.

कळलं ते एकदा मॅनेजरनं मला त्यांच्या मागावर सोडलं तेव्हा. पूल ओलांडला की डाव्या हाताला त्यांची खोली, रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. आबांनी सायकल खिडकीला टेकवली, उतरले नाहीत. आत खाटेवर त्यांची बायको. छातीचं दुखणं, मोठ्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. घरी न्या म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला कळतं.

“आयक,” आबा गजातून म्हणाले, “हिरोना बाप मरी गया. पन गानं भारी शे.” आणि त्यांनी ते गाणं हाताच्या खुणांसकट म्हटलं. भररस्त्यात, तुडुंब रहदारीत! मग एकदम थांबले.

“मंग?” आतून बारीक आवाज.

“आते नही. येतस दुसरी पेटी लईसन.”

प्रत्येक फेरीला दोन रिळं, आणि दर वेळी ऐन रंगात तोडायचं. मी पकडलं तेव्हा आबा लाजले नाहीत. “भाऊ, अर्धी गोष्ट टाकीसन कोनी जात नही,” म्हणाले. औषधाची वेळ सांगावी तसं. मॅनेजरला मी सांगितलं, वाटेत चढ आहे. धुळ्यात, पांझरेच्या काठी, चढ! त्यांनीही मान हलवली.

दोन हिवाळे ती त्या खिडकीशी “मंग?” म्हणत राहिली. दुसऱ्या हिवाळ्यात लागलेल्या एका पिक्चरमध्ये जत्रेत हरवलेल्या दोन बहिणी होत्या. दहाव्या रिळापर्यंत त्यांची भेट झालेली नव्हती. आबांनी तिथंच तोडलं आणि शेवटची पेटी आणायला गेले. परतताना खिडकीशी शेजारच्या बाया उभ्या होत्या.

पेटी आमच्याकडं वीस मिनिटं उशिरा आली. मॅनेजर नेहमीसारखे सुटले. आबांनी त्यांचं ओरडणं पुरतं संपू दिलं, पेटी जपून खाली ठेवली आणि म्हणाले, “आज वापस ली जावाले दुसरा मानूस देखा साहेब. माले घर जानं शे. ती गयी.”

चौदाव्या दिवशी ते कामावर आले. पिक्चर तोच चालू होता. चहाच्या गाडीवर त्यांना कुणी निकाल विचारला नाही, आणि त्यांनी दिलाही नाही. माझ्याच्यानं ते बघवेना. शेवटची पेटी त्यांनी उतरवली तशी मी त्यांची सायकल हिसकावून घेतली. “पहिली पेटी मी पोचवतो. तुम्ही बाल्कनीत बसा. आज शेवट बघायचा.” ते जिना चढून वर जाऊन बसले.

मी जन्मात सायकल हाणली नव्हती अशी हाणली. परत आलो तेव्हा माणसं डोळे पुसत बाहेर पडत होती. सगळ्यांच्या मागून आबा जिना उतरले.

“आबा, भेटल्या का बहिणी?”

“माहीत नही भाऊ. माले झोप लागी गई.”