खिळा न मारलेलं घर

रंगाऱ्याच्या आईनं भाड्याच्या खोलीत कधी कपाट येऊ दिलं नाही. कपडे ट्रंकेत, ट्रंक दाराशी. "उद्या घरी जायचं झालं तर कपाट काय डोक्यावर नेणार?" तो उद्या काही उजाडेना. सरहद्दीपलीकडचं घर सोडून पळाले तेव्हा हा आईच्या कडेवर होता. आता मिशा पांढऱ्या झाल्या. जगाची घरं रंगवून झाली, पण स्वतःच्या खोलीला हात लावायची परवानगी नाही.

सरहद्द उघडली तसा तो निघाला. बेत एवढाच: जन्मघर बघायचं, "आई, तिथे आपलं काही उरलं नाही" असं सांगायचं आणि कपाट आणायचं.

दार एका म्हातारीनं उघडलं.

"आलास एकदाचा!"

"मावशी, तुम्ही ओळखता मला?"

"तुला कशाला ओळखू? पण कुणीतरी येणार हे ठाऊक होतं. ये आत, घर तुझंच आहे."

आत भिंती फिक्या निळ्या. त्यानं बोट फिरवलं, तर भुकटी हाताला आली. आई सांगायची तोच, बाबांनी दिलेला रंग! वर दुसरा हातच नाही. घड्याळ स्टुलावर, आरसा जमिनीवर टेकवलेला. भिंतीला एकही खिळा नाही.

"रंग का नाही दिलात?"

"लोकाच्या भिंतीला? आम्हालाही आमच्या गावातून हाकललं होतं. सरकारी साहेबांनी हे रिकामं घर दाखवलं, राहा म्हणाले. मालक आला की निघायचं, असं यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. आता हे गेले. बघ, फोटो खुर्चीत बसवलाय. जिवंतपणी घटकाभर बसला नाही माणूस, आता बसलाय."

तो हसला, आणि दाराकडे लक्ष गेलं. तिथे ट्रंक होती. कुलूप घातलेली.

"ठेवतोस की काढतोस, सांगून टाक बाबा. जीव टांगणीला लागलाय."

त्यानं आईला फोन लावला.

"आई, इथे एक मावशी राहतात. एकट्याच. राहू का, विचारतायत."

"ते राहू दे. भिंतीला रंग कुठला आहे?"

आता खोटं बोलायला हवं होतं. पण रंगाऱ्याला रंगाबाबत खोटं बोलता येईना.

"निळाच. बाबांचाच."

"बघ! मी म्हणत नव्हते? घर वाट बघतंय आपली."

"आई, तू इथे येऊन राहणार आहेस का? खरं सांग."

पलीकडे तिनं नळ बंद केला.

"गुडघे कुठे धड आहेत माझे... पण त्यांना हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस."

फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?"

"होही नाही आणि नाहीही नाही."

"म्हणजे तीही माझ्यासारखीच की गं बाई!"

त्यानं खुर्चीतला फोटो उचलून तिच्या हातात दिला.

"यांना भिंतीवर लावू. हातोडी द्या."

"माझ्या घरात कुठली आलीय हातोडी?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "चुकले रे. तुझ्या घरात."

त्यानं आपली पिशवी उपसली. पिशवीच्या तळाशी खिळा सापडला. मग दाराशी असलेली ट्रंक ओलांडून तो अंगणात दगड शोधायला गेला.