पोत्याच्या तळातली ज्वारी

काष्टीच्या रस्त्यावर मळीचा वास आला आणि मी मनानं पुन्हा साखर कारखान्याच्या त्या थंडगार सर्व्हर रूममध्ये जाऊन पोचले. नोकरीचा दुसरा महिना होता. माझे साहेब, तिसगावचे नाना, सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मला देत नव्हते. यांचा माझ्यावर भरवसाच नाही, हे मनात पक्कं बसलं होतं.

"नाना, बॅकअप झाला."

"कशावरून?"

"स्क्रीनवर सक्सेसफुल आलंय."

"पोत्याच्या तोंडाला समदेच चांगली ज्वारी ठेवत्यात. तळात हात घाल."

मी चिडून बॅकअपमधली एक फाईल उघडली. ती रिकामी होती. "म्हणजे मागचे बॅकअपही रिकामे असतील," असं पुटपुटत मी त्यांनी न सांगताच एकेक उघडत गेले.

नानांनी कागदावर पासवर्ड लिहून पुढं सरकवला. "आता तुला संशय घेता येतोय."

बऱ्याच दिवसांनी कळलं, मी लॉगिन केलं की त्यांच्या मोबाईलवर मेसेज जायचा. तेव्हा लई राग आला होता.

आता माझ्या हाताखाली कर्जतची एक हुशार मुलगी आहे. तिला पासवर्ड मी पहिल्याच आठवड्यात दिला. मळीचा वास मागं पडला, तसा पर्समधला मोबाईल वाजला. तिनं लॉगिन केलं होतं.