चौरसियाच्या फॉर्मवरची माझी सही

पाचोऱ्याच्या फलाटावर वडील आम्हाला सोडायला आले होते. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. त्याआधी मी भोपाळला कारखान्याच्या होस्टेलात एकट्याने वर्ष काढलं होतं, आणि आता कारखान्याच्या बरखेडा टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं म्हणून शैलाला घेऊन निघालो होतो. एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि आईने बांधून दिलेलं कळण्याचं पीठ, एवढाच आमचा संसार. वडील जिनिंगमध्ये मुकादम होते आणि जन्मभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले होते. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चालत ते म्हणाले, "सरकारी क्वार्टर आहे, म्हणजे घराची काळजी मिटली. आता बहिणींचं बघ."

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. तुमच्यापैकी जे पाचोऱ्यातच राहिले त्यांना आणि जे माझ्यासारखे कुठल्या कुठल्या टाउनशिपमध्ये जाऊन पडले त्यांना हे लिहितो आहे, कारण दर दिवाळीला फोनवर कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडे घर केलंस की नाही?" आणि मी विषय बदलतो. एकदा सरळ सांगून टाकतो.

क्वार्टर दोन खोल्यांचं होतं. पुढे वऱ्हांडा, मागे अंगणात लिंबाचं झाड. नळ गळला की ऑफिसात तक्रार लिहायची, माणूस येऊन दुरुस्त करून जायचा. काही वर्षांनी डिस्टेंपर मारायलाही तेच यायचे. पाचोऱ्याहून आलेले पाहुणे भिंतीवरून हात फिरवत म्हणायचे, नशीब काढलंस. अशा ठिकाणी माणूस सुस्तावतो. रिटायर झाल्यावर किल्ली परत द्यायची असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती गोष्ट दुसऱ्यांच्या बाबतीत घडणार असल्यासारखे सगळे वागतात. मी तर वागलोच.

बहिणी दोन. दोघींची लग्नं मी कर्मचाऱ्यांच्या सोसायटीतून कर्ज काढून केली. मग वडिलांचं ऑपरेशन झालं, त्याचंही कर्ज तिथलंच. सोसायटीत कर्ज मिळणं सोपं होतं. फॉर्म भरायचा, आपल्याच कारखान्यातले दोन जामीनदार आणायचे, हप्ता परस्पर पगारातून कापला जायचा. आणि जामीनदार कुठून आणायचे? शेजारच्या मशीनवरून. आमच्या मशीन शॉपमध्ये प्रत्येकाच्या फॉर्मवर प्रत्येकाची सही होती. आज तू माझ्यासाठी कर, उद्या मी तुझ्यासाठी करतो. जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हातात धरून आम्ही सह्या केल्या. कुणी आकडा वाचत नसे. आकडा वाचणं म्हणजे त्या माणसावर अविश्वास दाखवणं, असा आमचा शहाणपणा.

रामनरेश चौरसिया माझ्या शेजारच्या लेथवर होता. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी एक जामीनदार ऐनवेळी मागे सरला, तेव्हा चौरसियाने हात पुसले आणि उभ्या उभ्या सही केली. कशासाठी, किती, काही विचारलं नाही. मी तो उपकार विसरलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटते.

चाळिशी ओलांडल्यावर शैलाने एका रविवारी सगळी कर्जं कागदावर मांडायला लावली. ती तोवर टाउनशिपमधल्या एका खाजगी शाळेत शिकवायला लागली होती आणि संध्याकाळी घरी ट्यूशन घेत होती. तिने सांगितलं तो बेत साधा होता. आधी सोसायटीचं फेडायचं, मग दोघांच्या नावाने बँकेचं गृहकर्ज काढायचं. बँक रिटायरमेंटपर्यंतचीच मुदत देत होती, म्हणजे उशिराचं प्रत्येक वर्ष कर्जातून कमी होणार होतं. तिची अट एकच होती. "घर होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी मला सांगायचं. नाही म्हणायचं काम मी करीन. वाईटपणा माझ्याकडे आला तरी चालेल." मी हो म्हटलं.

पुढची पाच वर्षं आम्ही पोटाला चिमटा घेऊन काढली. तिच्या भावाच्या लग्नाला ती एकटीच गेली, मुलगी धरून तिघांचं भाडं नको म्हणून. मी ओव्हरटाइम सोडला नाही. कर्ज उतरत गेलं तशी तिच्या बोलण्यात भोपाळातलीच कोटरा सुल्तानाबादची वस्ती यायला लागली. तिथे एका रिटायर्ड मास्तरांनी घर बांधायला काढून पैशाअभावी अर्ध्यात सोडलं होतं. भिंती छातीएवढ्या, स्लॅब नाही. आम्ही तिघं स्कूटरवरून पाहायला गेलो तेव्हा आमची मुलगी विटांवरून उडी मारून आत गेली आणि म्हणाली, "आई, हा वाला कोपरा माझा." शैलाने आपल्या शुद्ध मराठीच्या हट्टापायी एरवी तिला टोकलं असतं. त्या दिवशी टोकलं नाही. ट्यूशनचे पोस्टात साठवलेले सगळे पैसे तिने बयाना, म्हणजे इसार म्हणून मास्तरांना दिले. सहा महिन्यांत बाकीचे द्यायचे, नाहीतर बयाना बुडणार, असं ठरलं.

त्याच्या वर्षभर आधीच चौरसिया फॉर्म घेऊन माझ्या मशीनपाशी आला होता. थोरल्या मुलीचं लग्न होतं. मी म्हटलं, घरी विचारून उद्या सांगतो. तो हसला. रागावला असता तर मला नाही म्हणता आलं असतं. "पाटील, तेरे टाइम पे मैंने घर पे पूछा था क्या?" एवढंच म्हणाला. आजूबाजूची चार माणसं ऐकत होती. बायकोला विचारून सही करणारा माणूस, असं माझं नाव होईल याचीही भीती होती, ते लपवत नाही. मी सही केली. घरी सांगितलं नाही. जामीनदाराच्या पगारात काही दिसत नाही, जोवर कर्जदार हप्ते भरतो तोवर. तो भरेल, आपलं घर होईल, आणि तिला कधी कळायचंही नाही, असा माझा हिशोब.

लग्नानंतर चौरसियाचं पिणं वाढलं. आधी आठवडा आठवडा गैरहजर, मग महिनाच्या महिना. पगार नाही म्हणून कपात नाही, आणि कपात नाही म्हणून सोसायटीने दोन्ही जामीनदारांकडून वसुली सुरू केली. पहिली कापलेली पगाराची स्लिप मी लॉकरमध्ये ठेवली. दुसरीही तिथेच. बँकेत अर्ज देताना जुन्या स्लिपा जोडल्या आणि वाटलं, निभेल.

बँकेच्या टी. टी. नगर शाखेत आम्ही दोघं साहेबांसमोर बसलो होतो. शैलाने त्या दिवशी शाळेतून अर्धी छुट्टी घेतली होती आणि इस्त्रीची साडी नेसली होती. साहेबांनी ताज्या स्लिपा मागितल्या. लॉकरमधून आणलेल्या त्या माझ्या खिशात होत्या; काढून द्याव्या लागल्या. त्यांनी बोट फिरवत विचारलं, "ये सोसायटी की रिकवरी काहे की है? आपका लोन तो क्लोज़ है." मी म्हटलं, "गारंटर था." ते म्हणाले, "तो इतने में ये मकान नहीं बैठेगा. पहले घर पे बात कर लीजिए." मी शैलाकडे पाहिलं नाही. तिने टेबलावरचे आमचे कागद एकावर एक नीट लावले आणि पिशवीत भरले.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "कधी?"

मी सांगितलं.

"म्हणजे मला हो म्हटल्यानंतर," ती म्हणाली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, आणि भांडण होऊन मोकळे झालो असतो.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन चौरसियाच्या क्वार्टरवर गेली. पैसे मागायलाच गेली होती. तो झोपलेला होता. भाभींनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. शैलाने विषय काढला तेव्हा त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "भाईसाहब, आपने साइन किया था? इन्होंने मुझे तो कुछ बताया ही नहीं." शैला म्हणाली, "मुझे भी नहीं." मग त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बोलत बसल्या. मी वऱ्हांड्यात उभा. आतून रडण्याचा आवाज येत होता, कुणाचा ते मला ओळखता आलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात बायकोचं रडणं कसं असतं हेच मला माहीत नव्हतं. शैला बाहेर आली ती रिकाम्या हाताने, आणि पैशाचं परत कधी बोलली नाही.

बयाना बुडाला. मास्तरही अडचणीत होते, त्यांना दोष देता येत नाही. काही वर्षांनी चौरसिया वारला आणि त्याच्या फंडातून सोसायटीने आमची कापलेली रक्कम परत केली. तोवर कोटऱ्यातले भाव आमच्या आवाक्याबाहेर गेले होते आणि माझ्या नोकरीची उरलेली वर्षं बँकेच्या दृष्टीने कसल्याच कामाची नव्हती. मग मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, रिटायरमेंट. क्वार्टर सोडताना ऑफिसातल्या माणसाने पंखे मोजले, नळ मोजले, नो ड्यूजवर शिक्का मारला. लिंबाचं झाड शैलाने लावलं नव्हतं, तरी जाताना तिने त्याला पाणी घातलं.

आता आम्ही कोटऱ्यातच भाड्याने राहतो. मास्तरांचं ते घर दोन गल्ल्या सोडून आहे. कुणीतरी त्यावर तीन मजले चढवले आहेत. आम्ही बाजाराला दुसऱ्या रस्त्याने जातो. पहिल्या दिवशी घरमालकांनी साधाच प्रश्न विचारला, "भाभीजी, कब तक रहने का इरादा है?" ती म्हणाली, "इनसे पूछिए. मुझे सब बातें मालूम नहीं रहतीं." तिने हे टोचून म्हटलं नाही. जे आहे ते सांगितलं. घरमालक हसले. मी सामान उचलायला लागलो.

तुम्ही म्हणता पाचोऱ्याला या, दोन खोल्या कुणीही देईल. खरं आहे. पण छप्पर कुठल्या गावात आहे याने आता फारसा फरक पडत नाही. घर म्हणजे मला वाटतं, जिथे कुणीतरी आपल्याला खडसावून विचारतं, आणि विचारावंसं वाटावं इतका त्याचा आपल्यावर विश्वास असतो. बँकेतून आलो त्या दिवसापासून मी तिला सगळं सांगतो. पेन्शन किती जमा झाली, औषधांना किती लागले, कुणाला भेटलो, कुणी चहा पाजला. बारा-चौदा वर्षं झाली असतील. परवा असाच सांगत होतो. ती भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "एवढं सगळं सांगत जाऊ नका. मी विचारलेलं नाही."

तिने भाजी धुवायला घेतली.