पुढचं चाक

माझं काम एका वाक्यात सांगता येतं: कॅप्टन जिंकला पाहिजे. त्याच्यापुढे राहून वारा खायचा, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या आणि त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. सायकल शर्यतींत अकरा वर्षं हेच करतोय. गावाला मात्र हे कधी सांगितलं नाही. "आमचा संघ जिंकला" एवढंच सांगायचो, आणि गाव त्यातून सोयीचा अर्थ काढायचं. चूक माझीच.

यंदा शर्यतीचा शेवटचा टप्पा शिरूर कासारवरून, आमच्या गावातून जाणार होता. कॅप्टन एकूण वेळेत नऊ सेकंदांनी पुढे होता. माझा करार संपत आलेला. व्यवस्थापकानं सकाळीच सांगून टाकलं, "आज त्याची आघाडी टिकली, तर पुढच्या वर्षी तू आहेस."

आमच्यात एक रीत आहे. कुणाचं गाव आलं की बाकीचे त्याला थोडं पुढे जाऊ देतात, घरच्यांना हात करू देतात. गाव जवळ आलं तसा कॅप्टननं मला पुढे व्हायची खूण केली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. हलगी ऐकू येत होती. वेशीवर भला मोठा फ्लेक्स: हात वर केलेलं धड कॅप्टनचं, मुंडकं माझं.

मग रस्त्याकडे लक्ष गेलं. माझ्या स्वागतासाठी गावानं रस्त्यावर झुकलेल्या बाभळी सकाळीच छाटल्या होत्या. फांद्या उचलल्या होत्या, रस्ताही झाडला होता. पण बाभळीचे काटे झाडूला थोडेच सापडतात. मी ओरडून मागच्यांना हात केला. माझी चाकं वाचली. कॅप्टनचं पुढचं चाक बसलं.

आमची गाडी घोळक्यामागे अडकलेली. मी फ्लेक्सखालीच थांबलो, माझं पुढचं चाक काढून त्याच्या सायकलला लावलं. हलगी बंद पडली. बाकीचे सायकलस्वार शेजारून सुसाट निघून गेले. कॅप्टन पायडल मारणार, तोच माझ्या चुलत्यानं त्याचं हँडल धरलं.

"आमच्या पोराचं चाक हाय त्ये. तू कामून नेतूस रं?"

कॅप्टनला मराठीचं अक्षर कळत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

"काका, सोडा. म्याच दिलंय."

"न्हाई. तू पयला येनार हाईस."

नऊच तर सेकंद होते, आणि ते डोळ्यांदेखत चालले होते. चुलत्याचा हात झटकायची हिंमत होईना; पहिली सायकल त्यांनीच घेऊन दिली होती. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तेवढ्यात गर्दीतून आई पुढे आली. तिनं अर्धं आयुष्य ऊसतोडीत काढलं. वडील तोडायचे, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायची, आणि मुकादम शाबासकी वडिलांना द्यायचा.

"भावजी, सोडा त्येला," ती म्हणाली. "पोरगं त्येचं काम करतंय."

चुलत्यानं हात काढला. कॅप्टन सुटला. पुढे थांबलेल्या आमच्या संघातल्या दोघांनी त्याला सोबत घेतलं. मी एका चाकाची सायकल धरून उभा.

"आन तुला कोन देनार?" आईनं विचारलं.

"मागनं गाडी येतीय."

गाडी येईस्तोवर ती माझ्या सायकलचं हँडल धरून शेजारी उभी राहिली.

मी शेवटून दुसरा आलो. संध्याकाळी आईचा फोन आला. माझं काही विचारायच्या आधी म्हणाली, "पोचला का त्यो?"

"पोचला. दोन सेकंदांनी जितला."

"मंग झालं की तुजं काम."

अकरा वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं. मागून चुलत्यांचा ओशाळलेला आवाज ऐकू आला, फ्लेक्स काढून टाकू का म्हणून विचारत होते.

"ऱ्हाऊ द्या, काका," मी म्हणालो. "धड तर जितल्यालं हाय."